ऑनलाइन मागवलेल्या ऑर्किडच्या मुळांची पारख: फोटोपासून कुंडीपर्यंत

ऑर्किड विकत घेताना नजर आधी फुलांवर जाते, मग पानांवर, आणि ऑनलाइन खरेदीत ती तिथेच थांबते, कारण बहुतेक फोटोंत मुळे दिसतच नाहीत. रोप तगणार की नाही हे मात्र मुळांवरच ठरते. फॅलेनॉप्सिसची जाड पाने आणि कॅटलियाची फुगीर खोडे स्वतःत इतके पाणी साठवून ठेवतात, की जवळजवळ सगळी मुळे कुजल्यावरही रोप कित्येक आठवडे टवटवीत दिसते आणि फुलेही धरून ठेवते. पानांवर सुरकुत्या पडतात तेव्हा कुंडीच्या आत जे व्हायचे ते केव्हाच होऊन गेलेले असते. म्हणून पारख मुळांची करावी, आणि ती एकदा नव्हे तर चार वेळा करावी: पैसे देण्यापूर्वी फोटोंवरून, पार्सल उघडल्यावर कोरड्या अवस्थेत, मुळे भिजवल्यानंतर, आणि पुन्हा तीन-चार आठवड्यांनी.

एक गोष्ट आधीच सांगतो. दुरून आलेली रोपे विक्रेत्याच्या हलगर्जीपणामुळे दगावतात हे खरे आहे, पण घेणाऱ्याने पहिल्याच दिवशी घाईने चालवलेल्या कात्रीमुळे दगावणारी रोपेही कमी नाहीत, असे इतक्या वर्षांच्या अनुभवावरून माझे ठाम मत झाले आहे. ‘तपकिरी दिसले की कापावे’ हा नियम ऑर्किडला लावता येत नाही. मुळाच्या प्रकृतीचा सर्वांत कच्चा पुरावा म्हणजे रंग. पक्के पुरावे दोनच, मुळाचा घट्टपणा आणि त्याचे वाढते टोक.

मुळाची घडण

घरी वाढवली जाणारी बहुतेक ऑर्किड निसर्गात झाडांच्या खोडांवर आणि फांद्यांवर वाढतात. ती बांडगुळासारखी झाडाचा रस शोषत नाहीत. सालीला फक्त धरून राहतात. पाऊस पडला की मुळे चिंब भिजतात आणि थोड्याच वेळात वाऱ्याने पुन्हा सुकतात. या जगण्यासाठी त्यांच्यावर वेलामेन नावाचे, मृत पेशींचे स्पंजासारखे आवरण तयार झालेले असते. ते काही क्षणांत पाणी ओढून घेते आणि मग ते पाणी तासन्‌तास धरून हळूहळू आत पोहोचवते. वेलामेनच्या आत जिवंत पेशींचा गर असतो आणि अगदी मध्यभागी तारेसारखा चिवट धागा असतो, ज्यातून पाणी रोपाकडे चढते.

वेलामेन कोरडे असते तेव्हा त्याच्या पेशींत हवा असते, तिच्यामुळे प्रकाश विखुरतो आणि मूळ रुपेरी-पांढरे दिसते. ते भिजले की आवरण जवळजवळ पारदर्शक होते आणि आतल्या गरातील हरितद्रव्य दिसू लागते, म्हणून मूळ हिरवे दिसते. उजेडात वाढलेल्या मुळांतच हे हरितद्रव्य भरपूर असते. कुंडीच्या अंधाऱ्या गाभ्यात वाढलेले मूळ फिकट पिवळसर किंवा मळकट पांढरे राहते आणि भिजवल्यावरही हिरवे होत नाही. त्यात आजाराचा काही संबंध नसतो.

वेलामेन मृत पेशींचे असल्यामुळे त्यावर डाग सहज पडतात. झाडाची साल, नारळाच्या सोडणाचे तुकडे किंवा जुने मॉस (वाळवलेले शेवाळ) यांतून उतरणारा तपकिरी रंग त्यात मुरतो आणि धुतला तरी जात नाही. आतला गर जिवंत, मधला धागा शाबूत, मूळ पाणी ओढत असते, पण बाहेरून ते जुन्या दोरीसारखे तपकिरी दिसते. रंगावरून निकाल देणारा माणूस नेमका इथे चुकतो.

मुळे कुजतात ती मुख्यतः हवेअभावी. भोवतालची पोकळी पाण्याने भरून राहिली की जिवंत गराला प्राणवायू मिळत नाही, पेशी मरतात, आणि मग पिथियम किंवा फायटोप्थोरासारखे रोगजंतू त्या दुबळ्या मुळात सहज शिरतात. त्यामुळे कुजलेली मुळे पाहून लगेच बुरशीनाशकाकडे धावण्याआधी, ती कोणत्या माध्यमात (कुंडीत मातीऐवजी भरलेल्या साल-मॉससारख्या पदार्थात) होती आणि ते माध्यम किती जुने होते, हे पाहावे.

निरोगी मूळ प्रत्येक प्रकारात वेगळे दिसते

फॅलेनॉप्सिसची मुळे पेन्सिलीच्या जवळपास जाड, गुळगुळीत आणि रुपेरी असतात. वाढते टोक चमकदार हिरवे किंवा तांबूस-जांभळे असते. वांडाची मुळे याहून जाड आणि लांब असतात, कुंडीबाहेर हवेत लोंबतात, आणि भिजल्यावर हिरव्या पृष्ठभागावर पांढऱ्या रेघा किंवा ठिपके तसेच उरतात. नवखे लोक या खुणांना बुरशी समजतात. खरे तर त्या जागी पाणी शिरत नाही आणि मूळ तिथूनच श्वास घेते. कॅटलियाची मुळे पांढरी, भक्कम आणि ज्याला स्पर्श करतील त्याला घट्ट चिकटणारी असतात. सिम्बिडियमची मुळे जाड, मांसल आणि कुंडीत खच्चून भरलेली आढळतात. ऑन्सिडियम आणि मिल्टोनिऑप्सिस यांची मुळे बारीक दोऱ्यासारखी असतात. ती एकेक दाबून तपासणे अवघड, म्हणून तिथे संपूर्ण गड्डा एकसंध धरून राहतो का हे पाहावे. डेंड्रोबियमची मुळेही तशी बारीक असतात आणि त्यांची कुंडी मुद्दाम लहान ठेवलेली असते, त्यामुळे गच्च भरलेली कुंडी तिथे दोष ठरत नाही.

पॅफिओपेडिलमबद्दल थोडे सविस्तर लिहितो, कारण सर्वाधिक चुकीची कापणी तिथेच होते. या ऑर्किडची मुळे निरोगी असतानाच तपकिरी असतात आणि त्यांच्यावर मखमलीसारखी बारीक लव असते. फक्त वाढते टोक फिकट पांढरे किंवा पिवळसर दिसते. पहिले पॅफिओपेडिलम घरी आले तेव्हा मला हे माहीत नव्हते. ती लवयुक्त तपकिरी मुळे मला कुजलेली आणि बुरशी आलेली वाटली, आणि एका संध्याकाळी मी त्यातली बहुतेक कापून टाकली. उरलेल्या दोन मुळांवर ते रोप कसेबसे जगले, पण त्या काळात त्याने एकही फूल दिले नाही. या प्रकाराला पाणी साठवणारी फुगीर खोडे नसतात आणि मुळेही मोजकीच व सावकाश येतात, त्यामुळे त्याचे एकेक मूळ मोलाचे असते. इथे फक्त हाताने दाबून पाहावे: लव असलेले, भरीव आणि लवचिक मूळ जिवंत असते, पोकळ किंवा लिबलिबीत मूळ मेलेले असते.

कॅटासेटम आणि त्याचे जवळचे प्रकार यांचा नियमही वेगळा आहे. त्यांची पाने दर वर्षी गळतात, विश्रांतीच्या काळात जुनी मुळेही मरतात, आणि नवा कोंब फुटल्यावर नवी मुळे येतात. विश्रांतीत असलेल्या कॅटासेटमची सुकलेली मुळे पाहून तक्रार करणे योग्य नाही. तिथे फुगीर खोड टणक आणि भरलेले आहे का, एवढेच तपासावे.

पहिली पारख: फोटो आणि प्रश्न

विक्रेत्याने लावलेला फोटो त्याच रोपाचा आहे की नमुन्यादाखल आहे, हा पहिला प्रश्न. तो नमुन्याचा असेल तर प्रत्यक्ष रोपाचे फोटो मागावेत. पारदर्शक कुंडी असल्यास चारही बाजूंनी आणि तळाकडून, नसल्यास रोप कुंडीबाहेर काढून, दिवसाच्या साध्या उजेडात काढलेले फोटो हवेत. वाढीसाठी लावलेल्या जांभळ्या दिव्याखाली काढलेल्या फोटोवरून मुळाविषयी काहीही सांगता येत नाही. मुळे कोरडी असतानाचा एक आणि पाणी शिंपडल्यानंतर मिनिटभराने दुसरा, असे दोन फोटो मिळाले तर अर्धी पारख घरी बसून होते.

सोबत तीन गोष्टी विचाराव्यात: कुंडी शेवटची केव्हा बदलली, माध्यम कोणते आहे, आणि रोप कुंडीसह येणार की मुळे मोकळी करून. या प्रश्नांना नेमकी उत्तरे देणारा विक्रेता रोप हाताळणारा असतो. ‘मुळे एकदम छान आहेत’ एवढेच ज्याचे उत्तर असते, त्याने ती पाहिली असतीलच याची खात्री धरू नये. रोप खोडाशी धरून हलकेच हलवल्याचा काही सेकंदांचा व्हिडिओही मागता येतो. मुळे धरलेले रोप हलवले की कुंडीही सोबत हलते. मुळे गेलेले रोप कुंडीतल्या कुंडीत डोलते.

मुळांचा फोटो मिळतच नसेल तर वरच्या भागावरून अंदाज करावा लागतो. फॅलेनॉप्सिसची सगळी पाने लुळी आणि लांबीच्या दिशेने सुरकुतलेली असतील तर मुळे काम करत नाहीत असे समजावे. अगदी खालचे एखादे पान पिवळे असणे मात्र स्वाभाविक आहे. ऑन्सिडियम आणि मिल्टोनिऑप्सिस यांच्या नव्या पानांना पंख्याच्या घड्यांसारख्या आडव्या चुण्या असतील, तर ते पान वाढत असताना रोपाला पुरेसे पाणी मिळाले नव्हते. अशी चुणी पुढे कधीच सरळ होत नाही, त्यामुळे ती मागची नोंद म्हणून वाचावी. कॅटलियात सर्वांत पुढची, नवी दोन फुगीर खोडे पाहावीत. मागची जुनी खोडे थोडी आक्रसलेली असणारच, पण पुढची आक्रसलेली असतील तर तिथली मुळे गेली आहेत. डेंड्रोबियमच्या जुन्या, पानगळ झालेल्या कांड्यांवरून कोणताही निष्कर्ष काढू नये.

भरगच्च फुललेल्या रोपाचा मोह शक्यतो टाळावा, असे मी आवर्जून सुचवेन. फुले हा मुळांच्या आरोग्याचा पुरावा नाही. तो दांडा काही महिन्यांपूर्वीच्या बऱ्या स्थितीत निघालेला असू शकतो. त्याच पैशात कळ्या नसलेले, पण खोडाच्या बुंध्यातून हिरवी टोके डोकावणारे रोप मिळत असेल तर ते निःसंशय घ्यावे. कॅटलियासारख्या प्रकारांत तर वेळ साधणे फार महत्त्वाचे असते. त्यांची नवी मुळे ठरावीक काळातच, नव्या कोंबाच्या बुंध्यातून फुटतात. ती फुटण्याच्या बेतात असताना आलेले रोप काही आठवड्यांत जम बसवते, आणि तो काळ उलटून गेल्यावर हलवलेले रोप पुढच्या फुटीपर्यंत महिनोन्‌महिने ताटकळत राहते.

परदेशातून येणारी रोपे बहुधा मोकळ्या, धुतलेल्या मुळांनी येतात, कारण माध्यमातून कीड आणि रोग जाऊ नयेत म्हणून अनेक देश कुंडीतले माध्यम आत येऊ देत नाहीत. ऑर्किडचे संपूर्ण कुल वन्य प्राणी-वनस्पतींच्या व्यापारावर नियंत्रण ठेवणाऱ्या आणि 1975 पासून अमलात असलेल्या साइट्स या आंतरराष्ट्रीय कराराच्या कक्षेत येते आणि पॅफिओपेडिलमचा समावेश तर त्याच्या सर्वांत कडक यादीत आहे, त्यामुळे साइट्सची आणि वनस्पती-आरोग्याची कागदपत्रे विचारणे हा आपला हक्कही आहे आणि कर्तव्यही. रानातून ओरबाडून आणलेले रोप पुष्कळदा मुळांवरूनच ओळखता येते. त्याची मुळे बुंध्यापाशी आखूड तुटलेली असतात, सालीवरून खरवडल्यामुळे एका बाजूने चपटी आणि फाटलेली दिसतात, त्यांना दगडफूल किंवा रानटी शेवाळ चिकटलेले असते, आणि पानांवर किड्यांनी खाल्ल्याच्या जुन्या खुणा असतात. असे रोप कितीही दुर्मीळ असले तरी घेऊ नये. रान उजाड होते, आणि मुळे गमावलेले ते रोप घरात बहुधा जगतही नाही.

दुसरी पारख: पार्सल उघडताना

पार्सल उघडण्याचा सलग व्हिडिओ काढावा, कारण तक्रारीसाठी बहुतेक विक्रेते मोजकेच दिवस देतात आणि नंतर काढलेल्या फोटोवरून कोणाची चूक हे ठरवता येत नाही. खोके उघडताच आधी वास घ्यावा. ओल्या सालीचा, रानातल्यासारखा वास चांगला; आंबट किंवा सडलेल्या भाजीसारखा वास आला तर आत कूज आहे हे मुळे पाहण्यापूर्वीच कळते.

लगेच पाणी देऊ नये. भिजल्यावर सगळी मुळे काही काळ फुगलेली भासतात आणि कोरडेपणी दिसणाऱ्या खुणा झाकल्या जातात. शिवाय प्रवासात मुळांना बारीक चिरा पडलेल्या असतात, त्यांना काही तास सावलीत, वारा लागेल अशा जागी सुकू द्यावे. तेवढ्या वेळात रोप कुंडीतून काढून माध्यम बोटांनी हळूहळू मोकळे करावे. कुंडी निघत नसेल तर तिच्या बाजू दाबून सैल करावी. रोप ओढू नये. प्लास्टिकची कुंडी असेल तर मी ती सरळ कापून काढतो. सालीच्या एखाद्या तुकड्याला मूळ चिकटले असेल तर तो तुकडा तसाच राहू द्यावा, कारण तो ओढल्यास वेलामेन सोलून निघते.

फॅलेनॉप्सिसच्या लहान रोपांत बरोबर मध्यभागी, खोडाच्या खाली, दाबून बसवलेल्या स्फॅग्नम मॉसचा घट्ट गोळा सापडतो. रोप प्रयोगशाळेतील बाटलीतून बाहेर आल्यावर प्रथम त्यात लावलेले असते. बाहेरची साल कोरडी असतानाही हा गोळा ओला राहतो, आणि कूज तिथून सुरू होते. कुंडीच्या कडेला दिसणारी मुळे हिरवीगार आणि गाभ्यातली काळी, असे दृश्य म्हणूनच वारंवार दिसते. हा गोळा चिमट्याने थोडा थोडा काढून त्याच्या आतला खोडाचा बुंधा तपासल्याशिवाय पारख पूर्ण झाली असे समजू नये.

तिसरी पारख: बोटे, पाणी आणि एक बारीक छेद

प्रत्येक मूळ अंगठा आणि तर्जनी यांच्यामध्ये धरून, बुंध्यापासून टोकाकडे हलके दाबत जावे. जिवंत मूळ भरीव लागते आणि दाबाला प्रतिसाद देते. कुजलेले मूळ चेपते, त्यातून तपकिरी पाणी येते, आणि थोडे ओढले की वरचे आवरण मोज्यासारखे सरकून हातात नुसता धागा उरतो. वाळून मेलेले मूळ कागदासारखे पोकळ लागते आणि कुस्करताना कुरकुरते. एकाच मुळाचा अर्धा भाग जिवंत आणि अर्धा मेलेला असू शकतो, म्हणून संपूर्ण लांबी तपासावी. फक्त टोकाकडचा किंवा फक्त मधला भाग पाहून निर्णय घेऊ नये.

या दोन टोकांच्या मध्ये एक तिसरी अवस्था असते, आणि तीच पारखणाऱ्याची खरी परीक्षा पाहते. काही मुळे चपटी, सुरकुतलेली, चामड्यासारखी असतात. ती पोकळही नसतात आणि लिबलिबीतही नसतात. अशी मुळे प्रवासात तहानलेली असतात, मेलेली नसतात. त्यांना दोन-तीन वेळा पाणी मिळाल्याशिवाय कात्री लावू नये. यांतली बरीच मुळे पुन्हा भरतात.

बोटांची तपासणी झाल्यावर मुळे कोमट पाण्यात दहा-पंधरा मिनिटे बुडवावीत. पाण्यात ठेवताच पहिल्या मिनिटात काय होते हे बारकाईने पाहावे. उजेडात वाढलेले जिवंत मूळ झपाट्याने हिरवे होते. अंधारात वाढलेले जिवंत मूळ पिवळसरच राहते, पण भरून येते. मेलेले मूळ राखाडी किंवा तपकिरी होऊन नुसते गळून गेल्यासारखे दिसते. मग रोप उलटे धरून पाणी निथळू द्यावे, पानांच्या बेचक्यात साचलेले पाणी कापसाने टिपून घ्यावे, आणि दुसऱ्या दिवशी ती बोटांची तपासणी पुन्हा करावी. आदल्या दिवशी ज्यांच्याबद्दल शंका होती त्या मुळांचा निकाल बहुतेक वेळा या दुसऱ्या तपासणीत लागतो.

तरीही एखाद्या जाड मुळाबद्दल शंका राहिली, तर त्याच्या टोकाकडून अगदी थोडा तुकडा कापून छेद पाहावा. आतला गर पांढरा किंवा हिरवट आणि रसरशीत असेल तर बाहेरचा रंग कोणताही असो, मूळ जिवंत आहे. गर तपकिरी असेल तर थोडे थोडे मागे सरकत स्वच्छ रंग लागेपर्यंत कापावे. कॅटलियासारख्या प्रकारांत मुळे ज्या आडव्या खोडातून निघतात त्याच्या छेदात जांभळट-गुलाबी कडे दिसले, तर तो फ्युजेरियम बुरशीचा इशारा असतो. हा रोग मुळांपुरता राहत नाही, पाणी वाहणाऱ्या नलिकांतून खोडभर पसरतो, त्यामुळे असे रोप ताबडतोब वेगळे ठेवावे आणि विक्रेत्याला त्या छेदाचा फोटो पाठवावा.

याखेरीज मुळांवर काही खुणा दिसतात ज्या कुजण्याशी जोडू नयेत. वाकून चीर पडलेले मूळ, मधला धागा शाबूत असेल तर, पाणी पुरवत राहते. ते तसेच ठेवावे. टोके तेवढी काळी पडून सुकली असतील आणि माध्यमावर पांढरट थर असेल, तर खतातील क्षार साचले आहेत. टोके कुरतडलेली असतील तर गोगलगाय शोधावी, आणि मुळांच्या बेचक्यांत कापसासारखे पांढरे पुंजके दिसले तर तो पिठ्या ढेकूण आहे; तो बुंध्याच्या जुन्या, सुकलेल्या आवरणाखाली लपतो, म्हणून ती आवरणे उचलून पाहावीत.

किती मुळे पुरेशी

याचे एकच उत्तर नाही, पण मी वापरतो तो हिशेब सांगतो. मध्यम आकाराच्या फॅलेनॉप्सिसला बोटभर लांबीची चार भक्कम मुळे आणि एखादे वाढते टोक असेल तर मी निश्चिंत राहतो, बाकीची मुळे गेलेली असली तरी. दहा मुळे आहेत पण एकाचेही टोक जिवंत नाही, असे रोप मला त्याहून अधिक काळजीचे वाटते, कारण ते साठ्यावर जगत असते आणि नवी मुळे फुटण्याची खात्री नसते. कॅटलियात मागच्या खोडांची मुळे मोजण्यात अर्थ नाही. पुढच्या दोन खोडांना मुळे आहेत की नाहीत यावर सगळे अवलंबून असते. पॅफिओपेडिलमच्या एका फुटव्याला तीनपेक्षा कमी मुळे असतील तर फुलांसाठी बराच काळ थांबण्याची तयारी ठेवावी. वांडाचे निम्म्याहून अधिक मुळांचे खुंट झालेले असतील तर ते रोप परत पाठवणेच बरे, कारण एवढ्या मोठ्या पर्णभाराला पाणी पुरवणे उरलेल्या खुंटांना जमत नाही.

तक्रार करायची असेल तर ती मुळे कापण्यापूर्वी, कोरड्या आणि ओल्या अवस्थेतील फोटोंसह करावी. एखाद-दुसऱ्या मेलेल्या मुळाची तक्रार करू नये. कोणत्याही निरोगी ऑर्किडला काही मुळे मेलेली असतातच. बुंधा मऊ पडला असेल, किंवा विक्रीच्या फोटोत दिसलेली मुळे आणि हाती आलेली मुळे यांत ढळढळीत फरक असेल, तर मात्र ठामपणे सांगावे.

कापणी आणि लावणी

जे निःसंशय लिबलिबीत किंवा पोकळ आहे तेच कापावे. पोकळ मूळ बुंध्यालगत असेल तर त्याचा आतला धागा ठेवायला हरकत नाही, कारण माध्यमात रोप स्थिर राहायला त्याची मदत होते. कात्रीचे पाते प्रत्येक रोपासाठी ज्योतीवर लाल होईपर्यंत तापवावे किंवा एक भाग ब्लीच आणि नऊ भाग पाणी यांच्या द्रावणात बुडवून ठेवावे. नुसते स्पिरिट पुसणे बुरशी आणि जिवाणूंसाठी ठीक आहे, पण हत्यारांवरून पसरणाऱ्या सिम्बिडियम मोझॅकसारख्या विषाणूंवर त्याचा भरवसा धरता येत नाही. कापलेल्या जागा दिवसभर सुकू द्याव्यात. त्यांवर दालचिनीची पूड लावण्याची पद्धत फार पसरली आहे. ती पूड ओलावा शोषते आणि शेजारच्या जिवंत मुळांवर पडली तर तीही सुकतात, म्हणून मी ती मुळांपासून दूर ठेवतो.

कुंडी पानांच्या पसाऱ्यावरून नव्हे, उरलेल्या मुळांच्या आकारावरून निवडावी. मोठ्या कुंडीतले जास्तीचे माध्यम ओले राहते आणि पुन्हा तोच फेरा सुरू होतो. रोप डोलत असेल तर काडीला बांधावे, कारण नव्या मुळाचे कोवळे टोक माध्यमावर घासले की वाढ थांबते. मुळे अगदीच कमी असतील तर फुलदांडा कापून टाकावा. ते करताना जीवावर येते हे मला ठाऊक आहे, पण फुलांतून उडणारे पाणी भरून काढायला त्या रोपाकडे काहीच नसते.

चौथी पारख: पुढचे चार आठवडे

या काळात रोप नव्या जागी पुन्हा पुन्हा उपटून पाहू नये. पारदर्शक कुंडी इथे खूप उपयोगी पडते: कडेची मुळे रुपेरी झाली की पाणी द्यावे, हिरवी आहेत तोवर थांबावे. रोप इतर ऑर्किडपासून वेगळे, मध्यम उजेडात आणि थोड्या दमट हवेत ठेवावे. खत देऊ नये. दुखावलेल्या मुळांना क्षार सोसत नाहीत.

पाने पहिल्या दोन आठवड्यांत आणखी थोडी सैल पडली तर घाबरून पाणी वाढवू नये. पाणी माध्यमात असते, ते वर नेणारी मुळे कमी असतात, आणि जास्त पाण्याने तीही जातात. त्याऐवजी हवेतील दमटपणा वाढवावा. अगदी मोजक्या मुळांचे रोप पारदर्शक पिशवीत, तळाशी पिळून घेतलेले ओलसर मॉस ठेवून, थेट उन्हापासून दूर ठेवता येते. पिशवी रोज थोडा वेळ उघडावी.

नजर ठेवायची ती दोन जागांवर. पहिली म्हणजे जुन्या मुळांची टोके, जिथे पांढऱ्या वेलामेनच्या पुढे हिरवा किंवा तांबूस, ओलसर चमकणारा भाग वाढू लागतो. दुसरी म्हणजे बुंधा, जिथे पानाच्या तळाशी किंवा नव्या कोंबाखाली आधी फक्त एक उंचवटा दिसतो आणि काही दिवसांत त्यातून मुळाचे टोक बाहेर येते. तो उंचवटा दिसल्याच्या दिवसाची नोंद ठेवावी, टोकाला बोट लावू नये, आणि ते बोटाच्या पेराएवढे लांब होऊन माध्यमात शिरल्यावरच पहिल्यांदा, नेहमीच्या पाव प्रमाणात, खत सुरू करावे.